काझीचा दुसरा प्रश्न

ठाण्याच्या चार फादरांची गोष्ट आमच्या वसईच्या घरी उपवासकाळात निघायची. झावळ्यांचा रविवार जवळ आला की आजोबा ओसरीवर बसून ती सांगत. गोष्ट छोटीच असे. चार फ्रान्सिस्कन संन्यासी गलबतातून दक्षिणेकडे निघाले होते, वाऱ्याने त्यांना ठाण्याच्या बंदरात आणून टाकलं. काझीने विचारलं, येशू देव आहे का? ते म्हणाले, आहे. त्यांना आगीत टाकलं तर आगीने काही केलं नाही. मग तलवारीने मारलं. एवढं झालं की आजोबा सोपाऱ्याच्या दिशेला हात करत, ‘तिकडे पुरले त्यांना.’ ठाण्याला गेलो की मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपाशी थांबून ‘इथेच’ असंही म्हणत. ते चर्च पोर्तुगीज काळातलं, घटनेनंतर दोन-अडीच शतकांचं. पण गोष्टीला जागा लागतेच.

या गोष्टीचे एक श्रोते सोपाऱ्याचे चाचा होते. कोकणी मुसलमान, पानांचा व्यापार, आजोबांच्या वाडीतली पानं वर्षानुवर्षं तेच नेत. गोष्ट संपली की ते एकदा तरी म्हणत, ‘फादरांना मारलं ते वाईटच केलं. पण काझीने विचारलं त्यात चूक काय?’ मग दोघांची जुंपायची.

‘देवाला बायको नाही, तर मुलगा कुठून आला?’

‘बायको आहे असं आम्ही कधी म्हटलं? तुमच्याच कुराणात येशूला देवाचा शब्द म्हटलंय ना?’

‘म्हटलंय. अल्लाने हो म्हटलं आणि इसा झाले. आदमसारखे. आदमला तर बाप नाही, आईही नाही. मग आदम इसापेक्षा मोठा देव?’

इथे आजोबा पानं मोजायला लागत. चाचा थांबत नसत. इसा जेवायचे, थकायचे, झोपायचे, रात्रभर डोंगरावर दुआ मागायचे. देव कोणाकडे दुआ मागतो? यावर आजोबांकडे ठरलेलं उत्तर होतं: येशू खरा देव आणि खरा माणूस, भूक लागली ती माणसाला. चाचा म्हणत, ‘आणि मेलं कोण?’ आजोबा म्हणत, ‘माणूस मेला, तिसऱ्या दिवशी उठला.’ चाचांना मरणच मान्य नव्हतं, त्यामुळे उठण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे येतच नसे. मग चहा येई.

या ओसरीवरच्या वादातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य बाराशे वर्षं जुनं होतं. बगदादमध्ये ७८१-८२ च्या सुमारास अब्बासी खलिफा अल-महदीने पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख तिमथी याला दरबारात बोलावलं आणि पहिला प्रश्न हाच टाकला: तुझ्यासारख्या शहाण्या माणसाने देवाला बायको-पोर असल्याचं मानावं? तिमथीने आधी हात झटकले. असली गोष्ट देवाबद्दल कोण बोलेल, म्हणाला. मग त्याने पुत्रपणाचा अर्थ सांगितला: सूर्यातून प्रकाश निघतो, मनातून शब्द निघतो, तसा पित्यापासून पुत्र. निघण्यात शरीर नाही, काळ नाही, आणि सूर्य एकच राहतो. हे युक्तिवाद पुढे अरबीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती पंडितांच्या तोंडी बसले ते आजतागायत. मुसलमान पंडितांनी त्यावर दिलेलं उत्तरही तेवढंच जुनं आहे, आणि ते चाचांच्या आदमाचंच उत्तर आहे.

मला स्वतःला विचाराल तर सूर्य-प्रकाशाचा दाखला ज्याला आधीच पटलेलं आहे त्यालाच पटतो. खरी ताकद दुसऱ्या उत्तरात आहे. येशूने ‘मी देव आहे, मला भजा’ असं सरळ कुठे म्हटलंय, हा आक्षेप आजही सर्रास घेतात. ख्रिस्ती बाजू त्यावर त्याच्या वागण्याकडे बोट दाखवते: मार्कच्या शुभवर्तमानात तो लुळ्या माणसाच्या पापांची क्षमा करतो आणि तिथले शास्त्री लगेच म्हणतात, हा अधिकार एकट्या देवाचा. योहानाच्या शुभवर्तमानात तो अब्राहामाच्या आधीपासून आपण असल्याचं सांगतो आणि ऐकणारे दगड उचलतात. म्हणजे दावा काय आहे ते त्याच्या विरोधकांना बरोबर कळलं होतं. पिता माझ्याहून थोर आहे, असं तो त्याच योहानात म्हणतो, आणि मुसलमान ते वाक्य काढतात तेव्हा ख्रिस्ती उत्तर फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातून येतं: देवाच्या रूपात असून त्याने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं. ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेने ‘खरा देव, खरा माणूस’ असा जो ठराव केला, तो आजोबांच्या तोंडी चौदाव्या-पंधराव्या पिढीच्या धर्मशिक्षणातून उतरला होता. तिमथीचं चर्च मात्र तो ठराव त्या शब्दांत मानत नव्हतं. घरातली भांडणं ख्रिस्ती लोकांकडेही कमी नव्हती.

आता ठाणं. आजोबांची गोष्ट ज्या लेखातून प्रवचनांत आणि तिथून ओसरीवर आली, तो लेख ओडोरिक नावाच्या इटालियन फ्रान्सिस्कनाचा. तो घटनेनंतर थोड्याच वर्षांत ठाण्याला आला होता, आणि १३३० मध्ये पादुआला परतल्यावर त्याने आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. १३२१ चा एप्रिल होता. ठाण्यावर दिल्लीचा अंमल, तख्तावर गियासुद्दीन तुघलक बसून वर्षही झालं नव्हतं. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे होर्मुझहून कोल्लमला निघाले होते. ठाण्यात ते पूर्वेकडच्या चर्चच्या ख्रिस्ती कुटुंबात उतरले. ओडोरिक सांगतो, गावात अशी पंधरा घरं होती.

प्रकरण सुरू झालं ते धर्मावरून नव्हे. ज्या घरात ते उतरले होते तिथे नवऱ्याने बायकोला मारलं. ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिने फिरंगी पाद्र्यांची नावं सांगितली. आजोबांच्या गोष्टीत ही बाई कधीच नव्हती. शहिदांच्या गोष्टीची सुरुवात घरगुती मारहाणीने व्हावी हे कोणा तरी जुन्या प्रवचनकाराला रुचलं नसावं. तिच्या तक्रारीचं पुढे काय झालं, हे ओडोरिकही सांगत नाही. काझीचं लक्ष पाहुण्यांकडे वळलं ते वळलंच.

पीटर सामानापाशी थांबला, बाकीचे तिघे काझीपुढे गेले. वाद येशूच्या देवत्वावरच झाला. काझीचं म्हणणं, तो निव्वळ माणूस. थॉमसने दाखले आणि युक्तिवाद देऊन तो देव आणि माणूस दोन्ही असल्याचं मांडलं. ओडोरिकच्या मते काझी निरुत्तर झाला. ओडोरिक फ्रान्सिस्कन आहे हे आपण लक्षात ठेवू. पण निरुत्तर झाला असो वा नसो, इथवर कोणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

मग काझीने दुसरा प्रश्न विचारला: आमच्या पैगंबरांबद्दल तुमचं मत काय?

संन्यासी आधी टाळत होते. आम्ही आमचं सांगितलं, त्यावरून तुम्हीच समजा, अशा अर्थाचं बोलले. काझीने धरून ठेवलं. तेव्हा थॉमसने जे उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही. ते मुद्दाम झोंबेल असंच होतं. जमाव ‘मारा’ म्हणून ओरडला तो त्या उत्तरानंतर. त्यांना उघड्या डोक्याने उन्हात उभं केलं, मग आग पेटवली. जेम्सला दोनदा आगीत टाकलं आणि दोन्ही वेळा तो सुखरूप बाहेर आला, असं ओडोरिक लिहितो. ठाण्याचा मलिक, म्हणजे सुलतानाचा अंमलदार, चपापला, त्याने त्यांना खाडीपलीकडे निघून जा म्हटलं. पण काझीने त्याचं मन फिरवलं, आणि रात्री चार हत्यारबंद माणसं पाठवून तिघांना मारलं. पीटरचा नंबर नंतर लागला. जॉर्डानस नावाचा त्यांचा डॉमिनिकन सोबती तेव्हा ठाण्याबाहेर होता; त्याने परत येऊन प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. पुढे ओडोरिकने अस्थी उकरून चीनला नेल्या. म्हणजे आजोबा जिकडे हात करायचे तिकडे खरंच पुरलं होतं, फक्त आता तिथे काही नाही. दिल्लीच्या सुलतानाला ही बातमी कळल्यावर त्याने मलिकाला देहान्त शासन केलं, हेही ओडोरिकच लिहितो. आमच्या ओसरीवर तेही कधी आलं नाही.

आग या वादात पुन्हा येते. १५७९ च्या नोव्हेंबरात अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याहून तीन येशूसंघीय निघाले: इटलीचा रोदोल्फो आक्वाविवा, कातालोनियाचा मोन्सेरात आणि होर्मुझचा एंरिकेस, जो जन्माने मुसलमान होता आणि फारसीचा दुभाष्या म्हणून बरोबर होता. दमणपर्यंत ते समुद्राने गेले, म्हणजे वसईसमोरून गेलेच. आजोबांच्या मते ते किल्ल्यात उतरून सुकेळी घेऊन गेले; सुकेळ्यांचा भाग आजोबांचा. फत्तेपूर सिक्रीला १५८० च्या फेब्रुवारीअखेर पोचून त्यांनी अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल बादशहाला दिलं. वाद रात्री रंगत. अकबराची अडचण चाचांचीच होती: एकात तीन कसे, देव जन्माला कसा येईल, आणि क्रुसावर मरेल कसा? तो उत्तरं ऐकून घेई, पुन्हा विचारी, पण पटलं असं कधी म्हणाला नाही.

तिथे टूम निघाली की एकाने कुराण घेऊन, एकाने बायबल घेऊन आगीत शिरावं. काय झालं याचे तीन वृत्तान्त आहेत. अकबराचा दरबारी अबुल फजल लिहितो, पाद्री रदीफ, म्हणजे रोदोल्फो, तयार होता, मौलवी कचरले. दरबारातलाच बदायुनी लिहितो, शेख कुतुब आव्हान देत होता, फिरंगी कचरले. खुद्द पाद्री म्हणतात, आम्ही नाही म्हटलं, देवाची परीक्षा पाहणं पाप आहे. तिघांत मला पाद्र्यांचंच खरं वाटतं. माणूस स्वतःच्या फजितीची गोष्ट उगाच रचत नाही. आजोबा अर्थातच अबुल फजलची आवृत्ती सांगत, अबुल फजलचं नाव न ऐकता. मोन्सेरातने शिकवलेला लहानगा शहजादा मुराद पुढे १५९५ मध्ये अहमदनगरला वेढा घालायला आला आणि चांदबिबीने त्याला झुंजवलं. आक्वाविवा १५८३ मध्ये गोव्यात परतला आणि काही महिन्यांतच कुंकळ्ळीला मारला गेला. मारणारे मुसलमान नव्हते, देवळं पाडली गेलेले गावकरी होते.

आग्र्याची एक गोष्ट आजोबांना ठाऊक नव्हती, ती मात्र चाचांना ऐकून माहीत होती. एप्रिल १८५४ मध्ये जर्मन मिशनरी फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा जाहीर वाद ठरला. पाच विषय होते, त्यात त्रैक्य तिसरं. पहिले दोन विषय, आधीची शास्त्रं रद्द झाली का आणि बायबलात फेरफार झाले का, यांतच दोन दिवस गेले. रहमतुल्लाहचे सहकारी डॉक्टर वजीर खान यांनी युरोपातल्याच पंडितांचे बायबल-चिकित्सेचे ग्रंथ समोर ठेवले आणि फांडरला हस्तलिखितांतले पाठभेद कबूल करावे लागले. वाद तिथेच मोडला. येशूच्या देवत्वापर्यंत गाडी पोचलीच नाही. चाचा हे मोठ्या समाधानाने सांगत.

आता पुन्हा काझीचा दुसरा प्रश्न. बगदादच्या खलिफानेही तिमथीला तोच विचारला होता, दुसऱ्या दिवशी. तिमथीचं उत्तर असं, की त्यांनी लोकांना मूर्तींपासून वळवून एका देवाकडे नेलं, म्हणजे ते संदेष्ट्यांच्या वाटेने चालले. बायबलात त्यांचं भाकीत नाही, हेही त्याने तोंडावर सांगितलं होतं. येशूच्या देवत्वावरून तो तसूभरही हलला नाही, खलिफाचा धर्मही त्याने स्वीकारला नाही. बोलणं झालं आणि तो घरी गेला. याच सुमारास खलिफाने त्याच्याकडून अॅरिस्टॉटलचा वादशास्त्रावरचा ग्रंथ अरबीत करवून घेतला.

तिमथीला सत्तेच्या छायेखाली चर्च जगवायचं होतं, म्हणून तो गोड बोलला, असं कोणी म्हणेल. असेलही. पण ठाण्यातली ती पंधरा घरं तिमथीच्याच चर्चची होती. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने कल्याणला इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय. इतकी जुनी त्यांची मुळं. काझीच्या शेजारी ती राहत होती, त्याच्यापुढे फिर्याद नेत होती. येशू देव आहे हे ती घरं थॉमसइतकंच मानत होती, आणि काझीला ते माहीत होतं. थॉमस शूर होता यात शंका नाही. मरण समोर दिसत असताना तो मागे हटला नाही, आणि १८९४ मध्ये रोमने त्याला धन्यवादितांत घेतलं ते योग्यच झालं. पण पहिल्या प्रश्नाला त्याने दिलेलं उत्तर श्रद्धेचं होतं, दुसऱ्याला दिलेलं रागाचं. आम्ही ती दोन्ही एकाच हौतात्म्यात बांधून टाकली. आणि थॉमस गेल्यावर त्याच गावात, त्याच काझीच्या माणसांत राहायचं होतं ते त्या पंधरा घरांना. त्यांचा माग पुढे लागत नाही. पोर्तुगीज आले तेव्हा ठाण्यात त्यांचं नावनिशाण उरलेलं नव्हतं.

वसई-ठाण्याच्या चर्चमधून ही गोष्ट अजून सांगितली जाते, सांगावीही. सांगणाऱ्यांना एवढीच विनंती, की ती मार खाल्लेली बाई, ती पंधरा घरं आणि काझीचा दुसरा प्रश्न गाळू नका.