शंभर डॉलरची रायफल आणि नालवाडी

अमेरिकेत असताना एका शनिवारी मित्राबरोबर शूटिंग रेंजवर गेलो होतो. त्याच्याकडे चिनी बनावटीची एसकेएस होती. मूळ रचना १९४५ सालची, सिमोनोव्ह या रशियन माणसाची. लष्करी साठ्यातल्या अशा रायफली १९९० च्या आसपास तिकडे शंभर डॉलरच्या आत मिळायच्या. पट्टीतली दहा काडतुसं वरून आत दाबायची, बोल्ट जरा मागे ओढून सोडायचा, बस्स! दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते आणि दारूच्या वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप नळीत जातं. खांद्याला धक्काही बेताचाच. खोटं कशाला बोलू, मजा आली.

येताना मनात आलं, आमच्या नालवाडीत हे का नाही? विनोबा १९३८ साली पवनारला गेले, त्याआधी ते नालवाडीत राहायचे. त्यामुळे मला आपलं वाटायचं, अहिंसेमुळेच आपल्याकडे बंदुका नाहीत. वाचायला लागलो तर प्रकार वेगळाच निघाला.

१८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजांचा. गोऱ्यांना त्यातून सूट होती. खुद्द गांधीजींनी १९१८ साली, खेड्यातल्या (म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या) सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्यावर कडक टीका केली. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या चौकटीत का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला.

मग डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथांनी तोच हक्क मागितला. कामथ आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले. आंबेडकरांनी नकार दिला. ज्याला त्याला बाजारातून शस्त्रं घेता आली तर राज्यकारभार चालायचा कसा, हा त्यांचा सवाल. दुरुस्ती फेटाळली गेली.

पुढे १९५९ चा कायदा आणि त्याखालचे नियम आले. अर्धस्वयंचलित रायफल निषिद्ध. .३०३ आणि ७.६२ ची तर साधी बोल्टवालीसुद्धा निषिद्ध, कारण तिच्यात लष्करी काडतूस बसतं. म्हणून इशापूरच्या सरकारी कारखान्याने परवानाधारकांसाठी .३१५ बनवली. गंमत म्हणजे याच कारखान्याची ७.६२ ची लष्करी २ए१ रायफल अमेरिकेत जुन्या मालात स्वस्तात विकली गेली. ती तिथला कुणीही हौशी घेऊ शकला, आपण नाही!

आधी मला याचा राग आला होता. १९३१ साली मागितलेला हक्क आपल्याच लोकांनी १९४८ साली नाकारला, असं वाटलं. पण मग तारखा शेजारी मांडून पाहिल्या. कामथ बोलले त्याच वर्षी, ३० जानेवारीला गांधीजींना मारलं गेलं. वापरलेलं बेरेटा पिस्तूल इटालियन लष्करी बनावटीचं होतं, तेही अर्धस्वयंचलित. आमच्या घरापासून सेवाग्राम सायकलच्या अंतरावर आहे.

रेंजवरची मजा खरीच होती. पण तेवढ्या मजेसाठी कायदा सैल करा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.