‘सोनोग्राफी टेक्निशियन’ व्हायचंय? फी भरण्याआधी नोंदणीचं गणित समजून घ्या

वाशिम : बारावीचा निकाल लागला की जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांत मोबाइलवर जाहिराती फिरू लागतात. ‘सहा महिन्यांत सोनोग्राफी टेक्निशियन’, ‘घरबसल्या डिप्लोमा’, ‘शंभर टक्के नोकरी’. रिसोड असो की मानोरा, सोयाबीनच्या पैशातून फी भरायची तयारी बापाने केलेली असते. पोरगं किंवा पोरगी पांढरा कोट घालून दवाखान्यात दिसेल, एवढंच घरच्यांच्या डोळ्यापुढे असतं. पण त्या कागदावर पुढे नोंदणी होणार का, आणि नोंदणी झाली तरी सोनोग्राफी मशीनवर नेमकं कोणतं काम करता येणार, हे दोन प्रश्न प्रवेश घेताना कोणी विचारत नाही. संस्थाही आपणहून सांगत नाही.

या विषयात दोन वेगवेगळे कायदे आहेत. एक तंत्रज्ञाच्या नोंदणीचा, दुसरा सोनोग्राफीचा. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय चित्र स्पष्ट होत नाही.

नोंदणीचा कायदा काय सांगतो

डॉक्टरांची नोंदणी असते, नर्सची असते, औषध दुकानदाराची असते. एक्स-रे, सीटी स्कॅन, लॅब, डायलिसिस अशी कामं करणाऱ्यांसाठी देशपातळीवर अशी एक व्यवस्था बरीच वर्षं नव्हती. ती २०२१ मध्ये आली. संसदेने त्या वर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा मंजूर केला. त्यात दहा गटांत मिळून ५० पेक्षा जास्त व्यवसायांची यादी आहे. रेडिओलॉजी व इमेजिंगच्या गटात एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी यांच्यासोबत ‘डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफर’ हे नावही आहे. म्हणजे सोनोग्राफरचं काम आता कायद्याच्या यादीत आलं.

यादीत नाव आलं की अटीही येतात. या कायद्याप्रमाणे संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचा डिप्लोमा किंवा पदवी लागते, आणि ते शिक्षण दोन ते चार वर्षांत पसरलेलं असावं लागतं. इथेच सहा महिन्यांच्या कोर्सचा निकाल लागतो. संस्था कितीही मोठी असो, भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं लावलेली असोत, सहा महिने म्हणजे दोन वर्षं नव्हेत. प्रत्येक राज्यात राज्य परिषद आणि तिची नोंदवही, वर केंद्राची नोंदवही, अशी रचना आहे. नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय केल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

महाराष्ट्रात त्याआधीपासून महाराष्ट्र परावैद्यक परिषद आहे. लोक तिला ‘पॅरामेडिकल कौन्सिल’ म्हणतात. नावात ‘पॅरामेडिकल कौन्सिल’ असलेल्या खासगी संस्थाही बऱ्याच आहेत, गोंधळ तिथेच होतो. ‘ऑल इंडिया’, ‘नॅशनल’, ‘भारतीय’ असे शब्द लावून कोणीही सोसायटी किंवा ट्रस्ट नोंदवू शकतो. ट्रस्टची नोंदणी असणं म्हणजे कोर्सला सरकारी मान्यता असणं नव्हे. आयएसओ प्रमाणपत्राचंही तसंच. त्यावर नोंदवहीत नाव चढत नाही.

गर्भवतीच्या पोटावर प्रोब कोणी ठेवायचा?

आता दुसरा कायदा. तो या धंद्यात सगळ्यात जड आहे. गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र कायदा, १९९४, म्हणजेच पीसीपीएनडीटी. महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, देशातला असा पहिला कायदा केला होता. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या नऊशेच्याही खाली होती.

या कायद्याच्या नियमांप्रमाणे सोनोग्राफी केंद्रावर गर्भवतीची तपासणी कोणी करायची हे ठरलेलं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, किंवा सहा महिन्यांचं ठरावीक प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर. तंत्रज्ञ या यादीत नाही. पदवी असो, परिषदेची नोंदणी असो, वीस वर्षांचा अनुभव असो, तरी नाही. २०२१ च्या यादीत ‘सोनोग्राफर’ शब्द आहे म्हणून १९९४ चा कायदा सैल होत नाही.

‘सहा महिन्यांचा सोनोग्राफी कोर्स’ हा शब्दही बहुधा इथूनच उचलला आहे. २०१४ च्या नियमांनी जे सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण आणलं, ते फक्त एमबीबीएस झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहे. या कायद्यात नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी म्हणजे ॲलोपॅथीची मान्य पदवी आणि राज्याच्या वैद्यक नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर. त्यामुळे बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांनाही या वाटेने जाता येत नाही. बारावी झालेल्याचा तर प्रश्नच नाही. जाहिरातवाले मात्र ‘सहा महिने’ एवढंच उचलतात.

यूट्यूबवर परदेशातले व्हिडिओ पाहून गैरसमज आणखी वाढतो. अमेरिकेत सोनोग्राफर गर्भवतीची तपासणी स्वतः करतात, रेडिओलॉजिस्ट नंतर चित्रं वाचून रिपोर्ट देतो. तिथे सोनोग्राफरची परीक्षा घेणारी संस्था १९७५ पासून आहे. ऑस्ट्रेलियातही सोनोग्राफरची वेगळी नोंदवही आहे. ते तिथलं. इथे तेच काम तंत्रज्ञाने केलं तर गुन्हा होतो.

गुन्हाही साधा नाही. दखलपात्र, अजामीनपात्र आणि तडजोड न होणारा. ‘मी फक्त नोकर होतो, डॉक्टरने सांगितलं म्हणून केलं’ हे म्हणून सुटका होत नाही, कारण केंद्रात नोकरीला असलेल्या आणि तांत्रिक सेवा देणाऱ्या माणसालाही कायद्याने नाव घेऊन शिक्षेत ओढलं आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. काम फुकट केलं असेल तरीही. खेड्यापाड्यात फिरतं मशीन घेऊन ‘फक्त मदतीला चल’ म्हणणारा कोणी भेटला तर तरुणांनी हा आकडा आठवावा.

मग तंत्रज्ञाला काम उरतं काय?

भरपूर उरतं. चांगल्या केंद्रात डॉक्टरचा अर्धा जीव तंत्रज्ञावर असतो. पित्ताशय बघायचं असेल तर रुग्ण उपाशीपोटी आला पाहिजे, मूत्राशयासाठी पाणी पिऊन लघवी धरलेली पाहिजे. हे आधी नीट सांगितलं नाही तर मानोऱ्याहून पहाटे एसटीने निघालेली बाई दुपारी परत जाते. जेल लावणं, प्रोब साफ ठेवणं, प्रिंट काढणं, रिपोर्ट योग्य माणसाच्या हातात देणं, ही रोजची कामं.

त्यातलं सगळ्यात जोखमीचं काम कागदाचं आहे. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ फॉर्म’ भरावा लागतो. तिचं नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता, आधीची मुलं, पाठवणारा डॉक्टर, तपासणीचं कारण, आणि ‘मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ असं तिचं सहीचं निवेदन. खाली डॉक्टरचंही निवेदन. महाराष्ट्रात तो ऑनलाइनही भरावा लागतो, आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे जायला हवा. जिल्ह्यासाठी हे काम जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतं. नोंदी दोन वर्षं जपायच्या. खटला चालू असेल तर तो संपेपर्यंत.

एफ फॉर्ममधली चूक कायदा किरकोळ धरत नाही. नोंद अपुरी किंवा चुकीची असेल तर कायद्याचा भंग झाला असं धरलं जातं, आणि तसं नाही हे केंद्रालाच सिद्ध करावं लागतं. डॉक्टरांच्या संघटनेने याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. २०१९ मध्ये न्यायालयाने तरतूद कायम ठेवली. त्यामुळे पत्ता अर्धा लिहिणारा, रकाना रिकामा सोडणारा माणूस कोणत्याच केंद्राला परवडत नाही, आणि अचूक लिहिणाऱ्याला किंमत आहे. कॉलेजात हा विषय दोन तासांत उरकतात, तो खरं तर महिनाभर शिकवायला हवा.

केंद्रात नवा कर्मचारी आला, मशीन बदललं, जागा बदलली, तर तेही ३० दिवस आधी प्राधिकाऱ्याला कळवायचं असतं. नोकरी लागताना ‘माझं नाव कळवलं का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नये.

एक लक्षात ठेवायला हवं. फक्त सोनोग्राफीवर अवलंबून राहिलं तर वाट अरुंद आहे. गर्भाव्यतिरिक्त पोटाची, थायरॉइडची तपासणीही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डॉक्टरच करतात. म्हणून शिक्षण रेडिओलॉजी व इमेजिंगचं पूर्ण घ्यावं, ज्यात एक्स-रे, सीटी, एमआरआय हे सगळं येतं. तिथे मशीन प्रत्यक्ष तंत्रज्ञच चालवतो. सरकारी भरतीतही पद ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’ असं असतं.

कोर्स कसा निवडायचा

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत चालतो, त्यात रेडिओग्राफीची शाखा आहे. बारावी विज्ञान लागतं. वाशिमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, पण तिथे एमबीबीएस सुरू झालं म्हणजे तंत्रज्ञांचे कोर्सही आपोआप असतीलच असं नाही. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या अधिकृत माहितीपत्रकात कोर्सचं आणि कॉलेजचं नाव बघावं.

केंद्राच्या आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये दहा व्यवसायांचे नवे एकसारखे अभ्यासक्रम जाहीर केले. त्यात मेडिकल रेडिओलॉजी व इमेजिंग टेक्नॉलॉजी आहे. खासगी संस्थेत गेलात तर एकच प्रश्न धरून ठेवावा : तुमचा कोर्स या अभ्यासक्रमाप्रमाणे आहे का, आणि परीक्षा कोणतं विद्यापीठ किंवा मंडळ घेतं? उत्तर तोंडी नको, संस्थेच्या लेटरहेडवर. मग त्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन संस्थेचं नाव शोधावं. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नव्हे, तिथे सगळं छानच लिहिलेलं असतं.

घरबसल्या डिप्लोमाचा विषय तर संपल्यातच जमा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवायला बंदी घातली.

शिकता शिकता प्रत्यक्ष काम कुठे मिळणार, हेही आधी विचारावं. ज्या संस्थेचा स्वतःच्या किंवा करार केलेल्या रुग्णालयाशी संबंध नाही, तिथे मशीनला हात लागत नाही; पोरं तीन वर्षं फोटोच बघतात.

कागदं आतापासून जमवा

नोंदणीच्या वेळी सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावावरून. दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, पदवीवर आडनाव आधी. दहावीचं नाव आणि जन्मतारीख मूळ धरून आधार, बँक, कॉलेज सगळीकडे तेच करून घ्यावं. शिक्षण चालू असताना लग्न झालेल्या मुलींनी शक्यतो पदवी हातात येईपर्यंत नाव बदलण्याची घाई करू नये. बदललंच असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र जपून ठेवावं.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, पदवी किंवा डिप्लोमा प्रमाणपत्र, इंटर्नशिपचा दाखला, आधार, रहिवासी दाखला, फोटो, सही. हे सगळं स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये किंवा स्वतःच्या ईमेलवर ठेवावं. इंटर्नशिपचा दाखला त्याच महिन्यात घ्यावा. दोन वर्षांनी गेलं तर साहेब बदललेले असतात. संस्था मूळ कागदपत्रं ठेवून घेत असेल तर पोच घेतल्याशिवाय देऊ नयेत, आणि फीच्या प्रत्येक रकमेची शिक्का मारलेली पावती हवी. सेतू केंद्रावर अर्ज भरायला दिला तरी मोबाइल नंबर स्वतःचाच टाकावा. ओटीपी आणि त्रुटीचा मेसेज त्याच नंबरवर येतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या ‘हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्री’वर आयडी काढून काही जण निर्धास्त होतात. तो आयडी म्हणजे डिजिटल ओळख आहे, व्यवसायाचा परवाना नाही. परिषदेची नोंदणी वेगळीच करावी लागते.

ज्यांनी आधीच कोणत्या तरी छोट्या कोर्सचे पैसे भरले आहेत, त्यांनी लाजेने गप्प बसू नये. पावत्या, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरची बोलणी जपून ठेवून आधी संस्थेकडे लेखी फी परत मागावी. नाही दिली तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तिथे वकील लावणं सक्तीचं नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.