चर्चगेटचं चर्च

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून आम्ही बोलतोय.

मुंबईला जाऊन आलेल्या बाईच्या तोंडी चर्चगेट हे नाव असतंच. पण तिथे गेट काही दिसत नाही. ते होतं इंग्रजांच्या किल्ल्याला. १८६० नंतर तटबंदी पाडली, त्यात तेही गेलं. ज्या चर्चवरून नाव पडलं, ते सेंट थॉमस मात्र अजून उभं आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरलं, की हॉर्निमन सर्कलपर्यंत चालत जाता येतं.

गव्हर्नर जेरल्ड आँजियरच्या काळात, १६७६ साली, त्याचा पाया घातला. पुढच्याच वर्षी आँजियर वारला आणि काम थांबलं. पंधरा फुटांच्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षं उघड्या पावसात! गावातल्या समाजमंदिराचे अर्धवट खांब वर्षानुवर्षं बघणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. मग रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने पुन्हा वर्गणी गोळा केली आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं.

आज दिसतं ते सगळं तेव्हाचं नाही. १८३७ मध्ये ते बिशपचं मुख्य चर्च झालं, मग उंच मनोरा चढला. १८६० नंतर वेदीकडचा भाग वाढवला. दारापुढचं कारंजं दिलं कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी शेटजींनी. म्हणजे इंग्रजांच्या देवळाला पैसा इथलाही लागला.

आतल्या भिंती स्मारकांनी भरल्यात. त्यातलं एक आपण बायकांनी थांबून बघावं असं. ते गव्हर्नर जोनाथन डंकनचं, तो १८११ साली वारला. बनारस आणि काठियावाडातली बालहत्या बंद झाली, असं त्यावर कोरलंय. बालहत्या म्हणजे जन्मलेल्या मुलीला मारणं. डंकनने बनारसकडे असताना तिथल्या राजकुमार घराण्यांकडून हे करणार नाही असं लिहून घेतलं होतं. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर असताना काठियावाडातल्या जाडेजांकडूनही तशी वचनं घेतली गेली. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण दगडावर ‘बंद झाली’ कोरून झालं, तरी १८७० साली सरकारला मुलींच्या हत्येविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. आणि १९९४ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध आणखी एक.