सशाची पिल्लं आणि औषधाचा डबा

पाच आठवड्यांची पिल्लं आईपासून तोडली की हगवण लागते, हे ससे पाळणाऱ्याला सांगायला नको. माझीही एकदा लागली. दुकानातून कोंबड्यांची पावडर आणून पाण्यातून दिली, तर उरलेली पण गेली.

मग हा उद्योग सुरू कुठून झाला ते शोधलं. अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीनं 1948 मध्ये ऑरिओमायसिन काढलं. तिथं संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रचे सुब्बाराव. हे औषध काढून उरलेला चोथा कोंबडीच्या पिल्लांना घातला, तर ती झपाट्यानं वाढली. झालं! 1950 नंतर जनावरांच्या खाद्यात अँटिबायोटिक शिरलं ते शिरलंच.

सशाचं पोट मात्र वेगळं. त्याचं आंबवण मागं, आंधळ्या आतड्यात चालतं. पेनिसिलिन, लिंकोमायसिन तोंडावाटे गेलं की तिथले चांगले जंतू मरतात अन् वाईट माजतात. 1996-97 ला फ्रान्समध्ये पोटफुगीची साथ आली, तेव्हाही भर औषधावरच होता. 1 जानेवारी 2006 पासून युरोपनं वाढीसाठीची अँटिबायोटिक खाद्यातून बंद केली. आपल्याकडं कोलिस्टिनवर बंदी यायला 2019 उजाडलं.

आता यीस्टचे, आम्लाचे डबे मिळतात. गुण येतो, पण दर वेताला सारखा नाही. मी आधी तंतूकडं बघतो. पिल्लं तोडल्यावर दोन आठवडे सुकवलेला घास भरपूर, भरडा बेताचा, आणि दवात भिजलेला घास अजिबात नाही.