आटे पुसलेली नळी

साधी बंदूक आणि रायफल यांतला खरा फरक बाहेरून दिसत नाही. तो नळीच्या पोटात असतो. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या बारीक खाचा असतात. त्यांना आपण आटे म्हणू. या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते, आणि फिरता भोवरा जसा ताठ उभा राहतो तशी ती आपली दिशा धरून ठेवते. गुळगुळीत नळीतली सैल गोळी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर येते. पुढे ती कुठे जाईल, याचा भरवसा नाही.

मी कवितेचा माणूस, बंदुकीचा नव्हे. पण बी.ए.ला इतिहास शिकताना १८५७ च्या काडतुसांची गोष्ट आम्ही सगळ्यांनीच पाठ केली होती. गाईची चरबी, डुकराची चरबी, आणि भडकलेले शिपाई. ती काडतुसे ज्या बंदुकीसाठी बनवली होती, त्या बंदुकीचे पुढे काय झाले, हे मात्र आमच्या पुस्तकात नव्हते. आज ती गोष्ट सांगायची आहे.

आधी थोडे कारागिरीविषयी. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून घालायची आणि गजाने ठासायची. दारू जळली की काजळी साचते, काजळीत ओल धरते आणि ओल लोखंड खाते. जुन्या नळ्या मऊ घडीव लोखंडाच्या. गजाच्या घासण्यानेही त्या तोंडापाशी झिजत. अठराव्या शतकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे कारागीर लांब नळीच्या रायफली घडवत. अशी रायफल वर्षानुवर्षे वापरली की तिचे आटे बुजत आणि नेम चुकू लागे. मग मालक ती घेऊन पुन्हा कारागिराकडे जाई. कारागीर जुन्याच खाचा परत खोल करून देई. भोक जरा मोठे होई, म्हणून गोळ्या ओतायचा साचाही नवा लागे. असे काही वेळा झाले की शेवटी आटे काढूनच टाकायचे, नळी आतून रुंद आणि गुळगुळीत करायची, आणि ती बंदूक छर्रे भरून पाखरांच्या शिकारीला वापरायची.

या कामाचे हत्यारही पाहण्यासारखे होते. एक लांब, चौकोनी पोलादी दांडा. त्याच्या एका बाजूच्या धारा लोखंड कापत, आणि दुसऱ्या बाजूला लाकडाची पट्टी बसवलेली असे. एक फेरा झाला की पट्टीखाली कागदाचा तुकडा सारायचा, म्हणजे दांडा कागदाच्या जाडीएवढा फुगे. पुन्हा फेरा, पुन्हा कागद. केसाकेसाने नळी रुंदावत जाई. शेवटी शिशाचा गोळा, तेल आणि कुरुंदाची पूड घेऊन ती आतून घासायची. आपल्याकडे लुगडे विरले की त्याची गोधडी होते. तिथे विरलेल्या रायफलीची छर्ऱ्याची बंदूक होई. यात कमीपणा काहीच नव्हता. वस्तूला आणखी दहा-वीस वर्षे आयुष्य मिळत होते.

पण हेच काम धडधाकट नळ्यांवर केले, झीज म्हणून नव्हे तर सरकारी हुकूम म्हणून केले, तर? तसे झाले, आणि ते आपल्या देशातल्या शिपायांसाठी झाले.

रायफल चांगली हे माहीत असूनही युरोपातल्या फौजांनी ती फार काळ सर्वांच्या हाती दिली नव्हती. आट्यांत घट्ट बसणारी गोळी ठोकून ठोकून आत घालावी लागे, आणि लढाईत तेवढी उसंत नसते. १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद मिनिए या लष्करी अधिकाऱ्याने पोकळ बुडाची गोळी पुढे आणली. ती सहज आत सरके, आणि बार उडाला की तिचे बूड फुगून आट्यांत बसे. याच तत्त्वावर इंग्लंडने १८५३ ची एन्फील्ड रायफल बनवली. नळी ३९ इंच लांब, आत तीन आटे, भोक ०.५७७ इंचाचे. नेम धरण्याच्या मागच्या पट्टीवर ९०० वारांपर्यंतच्या खुणा होत्या. कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावरची जुनी बंदूक पाऊण इंच भोकाची आणि गुळगुळीत. शंभर वारांपलीकडे तिचा नेम म्हणजे नशिबाचा खेळ.

चरबीचा संबंध याच आट्यांशी आहे. एन्फील्डची गोळी कागदात गुंडाळलेली असे आणि कागदासकट नळीत उतरे. ती न अडकता सरकावी म्हणून कागदाला चरबी लावायची. जुन्या बंदुकीत गोळी सैलच असे, तिला ही गरज नव्हती. म्हणजे आटे आले म्हणून चरबी आली, आणि काडतूस दातांनी तोडायची कवायत जुनीच असल्यामुळे ती चरबी शिपायाच्या ओठांपर्यंत आली.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदमला ही कुजबुज सुरू झाली. त्याच महिन्यात सरकारने शिपायांना स्वतःचे तेल-मेण लावायची मुभा दिली. नंतर काडतूस हाताने फाडायलाही परवानगी दिली. उपयोग झाला नाही. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या एकोणिसाव्या पलटणीने बार घ्यायला नकार दिला, तेव्हा समोर ठेवलेली काडतुसे नव्या रायफलीची नव्हतीच, जुन्या बंदुकीची होती. पण विश्वास एकदा उडाला की मेण आणि चरबी सारखीच दिसते. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे. २४ एप्रिलला मीरतच्या घोडदळातल्या ८५ जणांनी काडतुसे नाकारली. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. १० मे रोजी भडका उडाला. ३१ जुलैला तो आपल्या कोल्हापुरात, मुंबई इलाख्याच्या सत्ताविसाव्या पलटणीपर्यंत येऊन पोचला.

पुढचा विरोधाभास क्रूर आहे. ज्या रायफलीच्या धाकाने हे सारे सुरू झाले, ती लढाईत बहुतांशी इंग्रजांच्या हाती होती. बंडवाल्या पलटणींपैकी बहुतेकांकडे त्यांच्या जुन्या गुळगुळीत बंदुकाच होत्या.

बंड मोडले. आता राज्यकर्त्यांचा विश्वास उडाला होता. १८५८ मध्ये हिंदी शिपायांसाठी एन्फील्डचा वेगळा नमुना ठरला. दस्ता तोच, चाप तोच, नळीची लांबी तीच. फक्त नळीतले आटे खरवडून काढले आणि भोक ०.५७७ वरून ०.६५६ इंचांवर नेले. म्हणजे आतून चोहोबाजूंनी सुमारे एक मिलिमीटर लोखंड काढून टाकले. वर-खाली करता येणारी नेमाची पट्टी काढली आणि तिच्या जागी एक ठाम ठोकळा बसवला. लांबचे मारता येणार नव्हतेच, मग लांबचे मोजायचे कशाला?

पण लोखंडाला राजकारण कळत नाही. नळीच्या भिंती पातळ झाल्या आणि त्या फुगू-वाकू लागल्या. तेव्हा १८५९ चा नवा नमुना आला. त्याची नळी जाड भिंतींची, आणि जन्मापासूनच आट्यांवाचून. आधीच्या वर्षी चांगली वस्तू बिघडवून दिली होती. आता कमी प्रतीची वस्तू मुद्दाम घडवून दिली. काही मोजक्या पलटणी सोडल्या, तर हिंदी शिपायाच्या वाट्याला हीच बंदूक आली.

त्याच १८५९ मध्ये पील आयोगाने हिशेब मांडला. बंगालमध्ये दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा हवा, मुंबई आणि मद्रासला तिघांमागे एक; आणि तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्याच हाती. नळीतल्या आट्यांचा हिशेब याच वहीतला आहे. शिपाई तर हवा, पण त्याची गोळी गोऱ्याच्या गोळीइतकी लांब जाता कामा नये.

ही रीत पुढेही राहिली. १८६६ मध्ये गोऱ्या फौजेला मागून भरायची स्नायडर रायफल मिळाली, १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री. हिंदी पलटणी एक पिढी मागे ठेवल्या गेल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्याराला परवाना लागू लागला, आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. आमच्याकडच्या शिकलगारांचे नाव ‘सैकल’ म्हणजे झिलई या शब्दावरून आले आहे. तलवारींना धार आणि झिलई देणारे ते हात हळूहळू सुऱ्या आणि कात्र्यांवर आले. विसाव्या शतकात बराकपूरजवळच्याच ईशापूरच्या कारखान्यात ०.३०३ च्या रायफली पुन्हा खरवडून ०.४१० इंचांच्या गुळगुळीत बंदुका केल्या गेल्या, पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. एका वेळी एकच बार निघावा म्हणून त्यांच्या गोळ्यांच्या पेटीत लाकडाचा ठोकळा बसवला जाई.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक यांचा परवाना रायफलीच्या मानाने सोपा ठेवला गेला. त्यामागे कारणे असतील, आणि हत्यारे मोकाट असावीत असे मी म्हणणार नाही. पण कायदा सर्वांना सारखा असणे आणि एकाच फौजेतल्या दोघांना दोन नळ्या देणे, यांत फरक आहे.

मला या गोष्टीत एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. काडतुसाच्या कागदावर कोणती चरबी होती, गाईची की डुकराची, यावर आपण दीडशे वर्षे बोलत आलो. कारण तो प्रश्न आपल्याला दोन रांगांत उभे करतो: हिंदूचा अपमान कोणता, मुसलमानाचा कोणता. नळी गुळगुळीत करताना मात्र कोणी शिपायाचा धर्म विचारला नाही. पांडे असो की खान, आटे दोघांचेही काढले. कागद तर जळून जाई. खरवडलेले लोखंड राहिले, आणि ते दोघांविषयी एकच गोष्ट सांगते.

कधी संग्रहालयात जुनी एन्फील्ड दिसली, तर तिच्या नळीत डोकावायला कोणी देणार नाही. त्याची गरजही नाही. नळीच्या वरच्या अंगाला, नेम धरायच्या जागी बघा. शिडीसारखी उभी होणारी, आकडे कोरलेली पट्टी असेल, तर ती रायफल. तिथे नुसता ठोकळा असेल, तर बहुधा ती आपल्या शिपायाची.