बोताचे गोत

ऑगस्ट २०२१मध्ये मासेमारीची पावसाळी बंदी उठल्यावर पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला दीडशेहून अधिक घोळ मासे मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटीहून जास्त रुपये झाले. मोल मांसापेक्षा बोताचे, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचे होते. वाळवलेला बोत बव्हंशी कोलॅजन या प्रथिनाचा असतो.

हा व्यापार जुना आहे. युरोपात वाइन नितळ करायला रशियातल्या स्टर्जन माशाची पिशवी वापरत. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरही तसा माल निघू शकतो, हे सांगायला जॉन फोर्ब्स रॉइलने १८४२मध्ये लंडनला पुस्तकच छापले. मुंबईचा बोत चीनला जात असे.

बोतातले कोलॅजन कातडीतही असते. कातडी उकळून केलेला सुताराचा सरस हे त्याचेच मोडके रूप. कोलॅजन अखंड काढायचे तर उष्णता टाळावी लागते. कातडीचे तुकडे थंडीतच सौम्य कॉस्टिक सोड्याने धुतात, चरबी काढतात, सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात भिजवतात. कोलॅजन आम्लात उतरते. मीठ घातले की साका होऊन वेगळे होते. कोलॅजनची घडण मद्रासमध्ये उलगडली: तीन साखळ्यांचा पीळ १९५४मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडला.

हा पीळ किती उष्णतेला सुटतो, याची निरनिराळ्या कातड्यांत तुलना केली की प्राण्याचे घरच दिसते. थंड समुद्रातल्या कॉडच्या कोलॅजनचा पीळ १५ अंशांच्या आसपास सुटतो, डुकराचा ३७च्या सुमाराला. उबदार पाण्यातल्या माशांचा पीळ बहुधा तिशीपर्यंत किंवा त्याहून वर टिकतो, कारण त्यात हायड्रॉक्सिप्रोलिन जास्त असते. म्हणून औषधी आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कामासाठी आपल्या समुद्रातली कातडी कॉडपेक्षा सरस ठरू शकते.

पालघरच्या केळवे-माकुणसारपासून तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर बोत जपून वाळवायचा आणि कातडी कचऱ्यात टाकायची, हे मला पटत नाही. सातपाटीसारख्या बंदरांतल्या मच्छीमार संस्थांनी मोठ्या माशांची कातडी वेगळी काढून लगेच बर्फात ठेवावी आणि तिची तपासणी करून घ्यावी. उन्हात पडलेल्या कातडीतून चांगले कोलॅजन मिळत नाही.