आजेसासूनं सांगितलेलं साल

आमच्या घराची एकोणिसाव्या शतकातली हकिकत माझ्यापर्यंत दोनच बायकांच्या तोंडून आली. एक माझी खापरपणजी, दुसरी आजी. आजी साल कधीच आकड्यात सांगायची नाही. तिचं लग्न मानमोडीच्या आदल्या साली झालं, म्हणजे 1917 मध्ये. 1918 च्या इन्फ्लुएंझाला आमच्याकडे मानमोडीच म्हणत. कोवळ्या वयाची ही सून बीडजवळच्या आमच्या पालीत आली, तेव्हा तिची आजेसासू, म्हणजे माझी खापरपणजी, अजून जात्यावर बसत होती. दळता दळता तिनं जे सांगितलं, ते आजीनं मला सांगितलं.

ते असं. थोरल्या दुष्काळात खापरपणजोबा बायकोला घेऊन मांजरसुंब्याचा घाट उतरला. हा 1876-77 चा दुष्काळ. घाटाखाली बिंदुसरा नदीच्या वाळूत झिरे उकरले की तांब्याभर पाणी मिळायचं. पलीकडे बीडच्या वाटेवर 1582 मध्ये सलाबतखानानं बांधवलेली खजाना विहीर, तिचं पाणी आटत नाही अशी ख्याती. जिथं पाणी, तिकडे माणसं निघाली होती. दोघं तरवट्याचा पाला उकडून खात आली. वाटेत तान्हं मूल गेलं. पालीत एका घरी तो सालगडी राहिला, ती शेणगोठा करू लागली.

चुलत आजोबांना हे मान्य नव्हतं. “आपण मूळचे इथलेच. पाटलाच्या मांडीला मांडी लावून बसणारे,” असं ते ठासून सांगत. पुरुषांच्या बैठकीत तीच हकिकत चाले, आणि लहानपणी मलाही तीच आवडायची.

पुढे मी कागद पाहिले. आमचा मुलूख मोगलाईतला, निजामाचा, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. त्यामुळे दप्तर मोडीत आणि उर्दूत, साल फसली. फसली सनात 590 मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. फसली 1309 म्हणजे 1899-1900, दुसऱ्या मोठ्या दुष्काळाचं साल. वाचून देणारा जाणकार सोबत होता. सर्वांत जुन्या ज्या कागदापर्यंत आम्ही पोचलो, त्यात आमचं आडनाव कुठेच नव्हतं. ते दिसलं नंतरच्या नोंदीत, तेही गावकुसाबाहेरच्या एका माळाच्या तुकड्यापुढे. आजीचंच खरं होतं. उपाशी आलेल्या आणि इथं टिकलेल्या माणसांचे आपण वंशज, याचा मला आता पाटीलकीपेक्षा जास्त अभिमान वाटतो.

पण त्या नोंदीत खापरपणजी नाही. ते मूलही नाही. अमेरिकेतल्या खेड्यातला माणूस आपला पूर्वज शोधू लागला, तर 1850 च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव त्याला मिळू शकतं, शेतकऱ्याच्या बायकोचं आणि पोराबाळांचंही. तिथल्या गुलामांच्या वंशजांची वाट मात्र आमच्यासारखीच अडते, कारण त्यांच्या पूर्वजांचं नाव नव्हे, तर वय, लिंग आणि वर्ण एवढंच मालकाच्या नावाखाली लिहिलेलं असे. निजामाच्या राज्यात 1881 मध्ये पहिली जनगणना झाली. त्यातली खापरपणजी माझ्या हाती लागते ती बेरजेतली एक बाई म्हणून. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत गावोगावच्या घराण्यांच्या पिढ्या आहेत. पण तिथं जायलाही गाठीला पैसा लागायचा.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि कुणबी दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायला मराठवाड्यातली दप्तरं उघडली. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, घरोघर वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या. दाखल्यासाठी का होईना, लोक पणजोबाच्या बापाचं नाव विचारू लागले, ही मोठी गोष्ट आहे. मात्र मी पाहिलेल्या वंशावळींत बापाखाली मुलगा, त्याखाली नातू, एवढंच. ज्यांनी ही हकिकत राखली, त्या बायकाच त्यात नाहीत.

आमच्या वंशावळीत मी खापरपणजीचं नाव घातलं आहे. आजीनं सांगितलेलं तिचं माहेरही लिहिलं आहे, आणि वाटेत गेलेल्या मुलासाठी एक जागा राखली आहे. तुमच्या घरातली सर्वांत म्हातारी बाई अजून बोलती असेल, तर तिच्या आजेसासूचं नाव आणि माहेर या आठवड्यातच विचारून लिहून ठेवा.